तालमींच्या कारभाऱ्यांनो, कॉलेजच्या मॅचला पोरगं सोडा

कोल्हापुरातल्या समस्त तालमींच्या, तरुण मंडळांच्या आणि फुटबॉल क्लबांच्या कारभाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

यंदा विद्यापीठाची आंतरविभागीय फुटबॉल स्पर्धा आमच्या कॉलेजनं जिंकली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसणार आणि त्यात तुमचा दोष नाही, पेपरात चार ओळी आल्या त्याही आतल्या पानावर. कॉलेजचं नाव मी इथं लिहीत नाही, ज्या तालमीबद्दल पुढं बोलणार आहे तिचंही नाव लिहीत नाही. मला कुणाशी भांडण काढायचं नाहीय, एक मागणी करायचीय, आणि ती मागणी तुमच्याशिवाय दुसरं कुणी पुरी करू शकत नाही म्हणून हे पत्र तुम्हालाच.

मी त्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबला असिस्टंट आहे, पोरं मामा म्हणतात. जन्म मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसूनच लहानाचा मोठा झालो आणि तरुणपणी एका मंडळाच्या बी टीमला हाफला खेळलोय पण. त्यामुळं पेठेची ईर्षा काय असते ते मला माहीताय, आणि मी पेठांच्या फुटबॉलवर टीका करायला बसलोय असं कृपा करून कुणी समजू नका. कोल्हापुरात हा खेळ तालमींनी जगवलाय. लाल मातीतल्या कुस्तीसाठी निघालेल्या तालमी, त्यांनी बॉल हातात घेतला आणि पिढ्यान् पिढ्या घरोघर वर्गणी मागून, कुणी जर्सी देऊन, कुणी पोरांना रोज दूध-केळी पुरवून टीम उभ्या ठेवल्या, नाहीतर क्रिकेटनं सगळा देश व्यापलेला असताना दुपारी ऊन डोक्यावर घेऊन मॅच बघायला हजारो माणूस स्टेडियममध्ये येतं असं गाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा बघू. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहितोय.

आमचं कॉलेज शहराच्या कडेला आहे, छोटं आहे. पोरं बहुतेक खेड्यातली, करवीर, पन्हाळा, राधानगरीकडनं एसटीचा पास काढून येणारी. शहरातल्या मोठ्या कॉलेजांना पेठेतली तयार पोरं मिळतात, आमच्या टीममध्ये तालमीकडनं खेळणारी दोनच होती, बाकीच्यांनी कधी कुठल्या क्लबच्या फॉर्मवर सही केलेली नाही. मैदान आहे पण त्याला उतार आहे आणि पावसाळ्यात खालच्या बाजूच्या डी मध्ये घोट्याएवढं पाणी साचतं. गोलपोस्ट पाईप वेल्ड करून घेतलेले, जाळीच्या जागी शेडनेट. प्रॅक्टिस सकाळी साडेसहाला, कारण संध्याकाळी ठेवली तर निम्म्या पोरांची शेवटची गाडी चुकते.

आमचे जिमखान्याचे सर म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. मॅच आमच्या मैदानावर असली की मी लवकर जातो, सुतळीचं एक टोक सरांच्या हातात, एक माझ्या, आणि गोलकीपर मधनं फक्की ओतत चाललेला असतो. एवढ्या वर्षांत पेनल्टीचा स्पॉट सरांनी कधी पावलं टाकून घातलेला मी बघितला नाही. दर वेळी टेप लावणार, १२ यार्ड म्हणजे ११ मीटरला जरा कमी, तेवढंच, मग फक्कीची मूठ सोडणार आणि बुटाच्या टाचेनं गोल करून घेणार. मी एकदा म्हटलं सर ही कॉलेजची साधी मॅच आहे, कोण मोजतंय. तर म्हणाले, "मामा, पोरांच्या पायात चुकीचं अंतर बसलं की मग ते निघत नाही." हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण आमची फायनल त्याच अंतरावर सुटली.

गोलकीपर सेकंड इयर बी.कॉम.चा. घरी म्हशी, पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून, मग प्रॅक्टिसला. ग्लोव्हजचा एकच जोड, तो धुऊन माझ्या लॅबच्या खिडकीत वाळत टाकायचा आणि दुपारी दोनदा येऊन चाचपून बघायचा वाळलेत का. पावसाळ्यात वाळायचेच नाहीत, मग मी ओव्हनशेजारी काचेच्या कपाटावर ठेवायचो. लेफ्ट बॅक राधानगरीकडचा, ऊसतोडीच्या सीझनला ट्रॅक्टरवर मोळ्या चढवणारा, त्याच्या खांद्यात जी ताकद आहे ती कुठल्या जिममधली नाही. सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला थ्रो-इन टाकताना बघितलं आणि त्यांच्या डोक्यात प्लॅन बसला. थ्रो-इनला ऑफसाइड नसतो, म्हणजे आपलं पोरगं समोरच्यांच्या बचावाच्या पुढं उभं असलं तरी चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण त्याचा एवढा पद्धतशीर वापर मी तरी आपल्याकडं फारसा बघितला नव्हता. बॉल समोरच्याच्या हद्दीत कुठंही बाहेर गेला की लेफ्ट बॅक धावत जाणार, बॉल जर्सीला पुसणार आणि कॉर्नर मारल्यासारखा थेट गोलच्या तोंडावर टाकणार. थ्रोवरनं डायरेक्ट गोल धरत नाहीत, कुणाचा तरी टच लागतो, म्हणून दोन उंच पोरं जवळच्या पोस्टला आणि बारकी दोन पोरं मागं सुटलेला बॉल मारायला. हे सगळं रोज, पाऊस असो नसो, इतक्या वेळा केलं की शेवटी शेवटी कोण कुठं उभं राहणार हे बोलावंच लागत नव्हतं.

आमच्या विभागाच्या मॅचेस गणपतीच्या आसपास झाल्या, मैदानात नुसता चिखल. पहिल्याच राउंडला आमच्यासमोर शहरातलं एक मोठं कॉलेज आलं आणि ज्यांना विचारलं ते म्हणाले संपलं तुमचं. त्यांच्या टीममध्ये तुमच्याच तालमींची पोरं होती, खेळ चांगलाच होता त्यांचा, पण त्या चिखलात पास चालेनात आणि आमचा थ्रो हवेतनं येत होता, त्याला चिखल काय करणार. १-० नं निघालो. तिथनं पुढं पोरांच्या चालण्यातच फरक पडला. विभागाची फायनल पण जिंकली आणि कोल्हापूर विभागातनं आम्ही सांगली, सातारा विभागाच्या टीमांशी खेळायला गेलो.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला घेतलं ती.

आमच्या टीमचा सेंटर हाफ, सगळ्या टीमचा श्वास म्हणावा असा पोरगा, हा पेठेतला. आंतरविभागीयच्या आदल्या आठवड्यात त्याला तालमीत बोलावून सांगण्यात आलं की सीझन तोंडावर आलाय, कॉलेजकडनं खेळून पाय मोडून घेतलास तर इकडं कोण खेळणार, जायचं नाही. पोरगं दोन दिवस कॉलेजलाच आलं नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्याकडं आलं, स्टुलावर बसलं, म्हणालं, "मामा, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला तालमीनं पैसे गोळा केलते. मी न्हाई कसं म्हणू?" मी काय बोलणार. त्याचं म्हणणं खरं होतं. सर त्या तालमीच्या कारभाऱ्यांना भेटायला गेले, चहा झाला, मान मिळाला, पोरगं मिळालं नाही. कारभारी माणूस वाईट नाही, त्यांची भीती पण खोटी नाही. गुडघ्याचं लिगामेंट गेलं की ऑपरेशनचा खर्च केवढा येतो, वर्ष कसं वाया जातं, आणि तो खर्च शेवटी वर्गणीतनंच जातो हे मी बघितलंय. पण त्या दिवशी त्या पोराचं तोंड पण मी बघितलंय.

आम्ही त्याच्याशिवाय गेलो. सेमीफायनल ओढूनताणून काढली. फायनलला समोर सांगली विभागाची टीम, उंचपुरी, सराव झालेली, दोन रिझर्व्ह गोलकीपर घेऊन आलेली. पहिल्या हाफलाच गोल खाल्ला, मध्ये आमचा सेंटर हाफ नसल्यानं तिथं मोकळीच जागा होती आणि ते बरोबर तिथनंच आत घुसत होते. हाफ टाइमला सर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की मध्ये खेळायचंच नाही, बॉल बाहेर काढा, थ्रो मिळवा. दुसऱ्या हाफमध्ये किती थ्रो टाकले असतील त्या पोरानं, हात लुळे पडायची वेळ आली, आणि मॅच संपायला थोडाच वेळ असताना एक थ्रो जवळच्या पोस्टवर पडला, आमच्या स्टॉपरच्या डोक्याला घासून मागं गेला आणि बारक्या राइट हाफनं गुडघ्यानं का मांडीनं आत ढकलला. १-१. जादा वेळेत कुणाचाच गोल नाही. टायब्रेकर.

पहिली किक त्यांची. त्यांनी मारली, आम्ही मारली. त्यांनी मारली, आमची पोस्टला लागून बाहेर. तिसरी दोघांची आत. चौथी त्यांची आमच्या म्हशीवाल्यानं उजवीकडं झोकून अडवली आणि आम्ही नाचायला लागलो तोवर रेफ्रीची शिट्टी, किक मारायच्या आधी त्याचे दोन्ही पाय लाइन सोडून पुढं आले होते, किक परत. निर्णय बरोबर होता, नियमच तसा आहे, एक तरी पाय लाइनवर पाहिजे. परत मारली आणि आत गेली. अशा वेळी भल्याभल्यांचं डोकं सरकतं, हा पोरगा काहीही न बोलता बॉल आणून स्पॉटवर ठेवून आला. आमची चौथी आत. त्यांची पाचवी त्यानं परत उजवीकडंच अडवली, या वेळी पाय लाइनवर. आमची पाचवी आत, ४-४. सडन डेथ. त्यांची सहावी बारच्या वरनं गेली. आमची सहावी कोण मारणार हे ठरलेलंच नव्हतं, पाचच नावं दिलेली, आणि सगळे एकमेकांकडं बघत असताना फर्स्ट इयरचं बी.एस्सी.चं एक पोरगं, टीममधलं सगळ्यात लहान, बॉल घेऊन निघालं पण. ते स्पॉटपर्यंत चालत गेलं तेवढा वेळ सर पाठ फिरवून उभे होते. मी बघितलं. डाव्या कोपऱ्यात, जमिनीलगत, गोलकीपरला हलता पण आलं नाही.

५-४. विद्यापीठाचे चॅम्पियन. आणि मैदानाकडेला आमचे सर, मी, गाडीचा ड्रायव्हर, दोन पोरांचे वडील आणि जिथं फायनल होती त्या कॉलेजची वडापाव खात उभी असलेली काही पोरं, एवढंच पब्लिक. आणि फोनवर तो सेंटर हाफ. तालमीच्या कट्ट्यावर बसून दर दहा मिनिटाला फोन करत होता, टायब्रेकरच्या वेळी तर ड्रायव्हरनं फोन चालूच ठेवला होता. शेवटची किक आत गेल्यावर तिकडनं काहीच आवाज येईना म्हणून मी फोन कानाला लावला, तर पोरगं रडत होतं.

तुम्ही म्हणाल जिंकलात ना त्याच्याशिवाय, मग अडलं कुठं. अडलं असं, की आंतरविभागीयमध्ये जी पोरं खेळतात त्यांच्यातनं विद्यापीठाची टीम निवडली जाते. ती टीम पुढं पश्चिम विभाग आंतरविद्यापीठला जाते, तिथं महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठं असतात, तिथनं पुढं अखिल भारतीय, आणि तिथं चांगली रँक आली की खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, जे २०२० ला भुवनेश्वरमधनं सुरू झाले. आमची चार पोरं विद्यापीठाच्या कॅम्पला बोलावली. ज्या पोराला डोळे झाकून घेतला असता तो त्यांच्यात नाही, कारण तो खेळलाच नाही.

आपल्या पोरांना कोल्हापूरच्या बाहेर जायच्या वाटा किती आहेत ते जरा मोजून बघा. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, सगळ्या गावाची छाती फुगली, पण तो लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. ज्याला बाराव्या-तेराव्या वर्षी कुणी हेरलं नाही, जो अठरा-एकोणीसला फुलला, त्याच्यासाठी कुठली वाट आहे? आपल्या लीगमधल्या ए डिव्हिजनचे १६ संघ, प्रत्येकी वीसेक पोरं धरली तरी तीनशेच्या वर होतात, सगळी जीव तोडून खेळतात, आणि सीझन संपला की परत शेती, दुकान नाहीतर एमआयडीसी. तालमीची ट्रॉफी तालमीत राहते आणि राहावी पण, ती पेठेची आहे. पण राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथं पोराला स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट लागतं आणि ते कुठल्या लेव्हलचं हे बघितलं जातं. पेठेच्या फायनलला तीन गोल मारले हे तिथं कुणी विचारत नाही.

आणि कॉलेजच्या खेळाला हलकं समजायची रीत आपल्या गावाची नव्हेच. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. जायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कॉलेजच्या एका पोरासाठी या गावातल्या माणसानं घर गहाण टाकलंय. मी तुमच्याकडं तेवढं मागत नाहीय, मी थोडे दिवस मागतोय.

सीझनच्या सुरुवातीला तुम्ही पोराची सही घेता, तेव्हाच त्याच्यासमोर शब्द द्या की कॉलेजच्या विभागीय आणि आंतरविभागीय मॅचच्या दिवशी तू मोकळा. सगळं मिळून आठवडाभराच्या वर जात नाही हो, आणि बहुतेक मॅचेस आपला सीझन रंगात यायच्या आधीच होतात. एका तालमीनं सोडायचं आणि दुसरीनं अडवायचं असं झालं तर सोडणाऱ्याचंच नुकसान, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. दुखापतीचं म्हणाल तर आमच्या सरांनी प्राचार्यांकडनं लेखी घेतलंय, कॉलेजच्या मॅचमध्ये किंवा प्रॅक्टिसमध्ये लागलं तर खर्च कॉलेज बघणार, आणि बाकीच्या कॉलेजांनी पण असंच लिहून द्यावं म्हणून ते स्वतः फिरायला तयार आहेत. ते लिहून दिल्याशिवाय पोरगं सोडू नका, ही अट तुम्ही घाला, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

अजून एक विनंती, ही मनापासनं आहे. सीझनमध्ये एखाद्या दिवशी, पहिल्या मॅचच्या आधी, आमच्या पोरांना पाच मिनिटं स्टेडियममध्ये मैदानावर येऊ द्या. सत्कार, हार, फेटे काही नको. त्यातल्या बऱ्याच जणांनी शाहू स्टेडियमचं मैदान फक्त पायरीवरनं बघितलंय. एवढ्या पब्लिकसमोर एकदा उभं राहिलं की त्या राधानगरीच्या पोराला आणि त्या दूधवाल्या कीपरला कळेल की आपण जे केलं ते या गावानं बघितलं. आणि खरं सांगायचं तर त्यात तुमचा पण फायदा आहे, तो थ्रो तुम्ही एकदा बघाच, पुढच्या सीझनला चार तालमी त्याच्या दारात उभ्या राहतील.

सर आणि मी येत्या रविवारपासनं एकेका तालमीत येतोय. कुणाला कुठली वेळ सोयीची ते कॉलेजच्या जिमखान्यात निरोप द्या. ज्या तालमीबद्दल मी वर लिहिलं तिथं आम्ही सगळ्यात आधी येणार आहे, रागानं नाही, आमचा सेंटर हाफ तिथंच घडलाय म्हणून. तो पुढच्या वर्षी टी.वाय.ला आहे, विद्यापीठाच्या टीमसाठी त्याला आता एकच वर्ष उरलंय.

आपला नम्र,
मामा
केमिस्ट्री लॅब, आणि पेठेतलाच एक